एकसष्टावा खोका

मी नेमकं काय काम करते हे माझ्या सासूबाईंना शेवटपर्यंत उमगलं नाही. आमच्या बदलापुरातल्या बेलवलीच्या बायकांना त्या सांगायच्या, "सून उल्हासनगरला जाते. परदेशी जाणाऱ्या मालाची किंमत काढते." कोणीतरी विचारायचं, "म्हणजे विकते?" नाही. "विकत घेते?" तेही नाही. "मग तिला काय करायचंय किंमत काढून?"  त्या म्हणत, "शिकलेली आहे, काढते."

उत्तर तसं सोपं आहे. माल देशाबाहेर निघाला की त्याची किंमत सरकारला सांगावी लागते. कमी सांगितली तर उरलेला पैसा परदेशात दडवला असा संशय येतो. जास्त सांगितली तर निर्यातीची सवलत लाटायची आहे असा. या दोन्हींच्या मधली, पुराव्यानिशी उभी राहील अशी खरी किंमत काढायची आणि व्यापाऱ्याला सांगायचं की बाबा, एवढीच लिही. हे मी एकोणतीस वर्षं केलं.

शिकवलं लालचंद साईंनी. उल्हासनगरच्या कॅम्प तीनमध्ये जीन्सच्या दुकानावर त्यांचं ऑफिस होतं. मी तिथे टायपिस्ट म्हणून लागले होते. एके दिवशी त्यांनी माझ्या टेबलावर एक जीन्स टाकली. "इसकी कीमत बताओ."

मी बिल बघून आकडा सांगितला.

"वो बिल की कीमत है. पैंट को हाथ लगाया? पहले हाथ में उठा. वजन देख."

मग त्यांनी ब्लेड घेऊन ती पँट उसवली. कापड वेगळं, दोरा वेगळा, चेन, बटण, खिशाचं अस्तर. प्रत्येकाचा भाव मला बाजारात पाठवून आणायला लावला. शिवणाऱ्याची मजुरी, धुलाईवाल्याचा दर, फुकट गेलेल्या तुकड्यांचा हिशेब, मालकाचा नफा, खोका, बंदरापर्यंतचा टेम्पो. पँट परत शिवून आणायला मला माझे पैसे घालावे लागले, पण धडा पक्का झाला.

नियम असा, की गिऱ्हाईक खरोखर देतंय तीच किंमत आधी धरायची. संशय आला तर तसाच माल त्याच सुमारास इतरांनी काय भावाने पाठवला ते बघायचं. तसा मालच सापडला नाही, तर साईंनी पँट उसवली तशी किंमत तळापासून बांधत न्यायची: कच्चा माल, मजुरी, साच्याचा आणि डिझाइनचा खर्च, नफा, सगळं माल जहाजावर चढेपर्यंतचं. जहाजाचं भाडं आणि विमा त्यात नाही. साईं म्हणायचे, "जहाज पे चढा दिया, अपना काम खतम. आगे समंदर जाने."

नाना तऱ्हेची माणसं आली. कॅम्प पाचमधल्या एक बाई पापड पाठवायच्या, घरी पडत होते त्याहून स्वस्त. पुष्कळ खोदून विचारलं तेव्हा रडायलाच लागल्या. घेणारी त्यांची धाकटी बहीण होती. नवऱ्याने टाकलेली, तिकडे पापड विकून पोट भरणारी. नात्यातला व्यवहार असेल तर लिहिलेली किंमत तशीच चालत नाही, ती पडताळावी लागते, हे त्यांना समजावताना मलाच अपराधी वाटलं. असे प्रसंग बरेच आहेत. पण हे लिहायला बसले ते त्यासाठी नाही. एका खोक्याबद्दल मी कधी कुठे लिहिलं नाही, आणि आता मला ते लिहायचं आहे.

किशनशेठ हे साईंच्या काळापासूनचे गिऱ्हाईक. घर उल्हासनगरला, कारखाना अंबरनाथच्या एमआयडीसीत. माल विचित्र होता. शाळा-कॉलेजांत शिकवायला लागतात ते माणसाचे सांगाडे, प्लॅस्टिकचे, पूर्ण उंचीचे. वर्षाला दोन-तीनदा माल जायचा. अकरा वर्षं त्यांच्या किमतीचे कागद मीच बनवले. कारखान्यात मात्र एकदाच गेले होते, सुरुवातीला. साईं गेल्यानंतर ऑफिस मी चालवत होते आणि वेळ मिळत नव्हता. शेठ नमुना पाठवायचे, एक हात किंवा एक पाय. त्यावरून मी हिशेब करायचे. आधी हाताने उचलून बघ, हे मला शिकवलेलं होतं. मी फक्त हात उचलत राहिले.

किशनशेठांना अर्धांगाचा झटका आला आणि कारखाना मुलाकडे गेला. मुलगा विकी, तिशीचा, गोड बोलणारा. एका बुधवारी त्याचा फोन आला.

"मॅडम, एक कॉस्ट शीट पाहिजे. छोटं काम आहे."

त्याने बिल पाठवलं. साठ सांगाडे, नगाला साठ डॉलर. खाली एकसष्टावा, तोच माल, पुढे 'स्पेशल फिनिश', आणि दर अडीच हजार डॉलर. क्लिअरिंग एजंटाने बिल बघूनच हात वर केले होते. एका बिलात एकाच मालाचे असे दोन दर, कस्टमवाले विचारणार. किमतीचा खुलासा आणा, मग कागद भरतो, असं त्याने सांगितलं होतं.

"एवढा फरक कशाचा?" मी विचारलं.

"हँडमेड आहे. पेंटिंग वगैरे. कलेक्टर लोक असतात ना बाहेर."

"मग बिलात जोडून कशाला दाखवलं? वेगळं पाठवायचं."

"पैसे बँकेतून आलेत मॅडम. तेवढं बिल दाखवावंच लागणार. तुम्ही लिहा ना, पेंटिंग चार्जेस."

मी म्हटलं, माल बघितल्याशिवाय नाही. तो म्हणाला शुक्रवारी या. शुक्रवारी एमआयडीसीला सुट्टी असते, वीजही नसते बऱ्याचदा. त्याला वाटलं असावं की बाई कंटाळून येणारच नाही.

मी गेले. दुपारचे बारा-साडेबारा झाले होते. ज्यांनी चालू दिवसांतली एमआयडीसी ऐकली आहे त्यांनाच तिथल्या शुक्रवारची शांतता कळेल. एकही मशीन नाही, टेम्पो नाही, केमिकलचा वास मात्र तसाच. गेट सुमनबाईंनी उघडलं. त्या तिथे बावीस वर्षं होत्या. साच्यातून निघालेली हाडं तासून, तारेने जोडून, चहाच्या रंगाचं पाणी मारायचं, हे काम. अंबरनाथजवळच्याच गावातल्या, शेती होती ती गेलेली. आता शिवमंदिराच्या बाजूला चाळीत राहायच्या. पन्नाशीच्या, बारीक, बोटांना तपकिरी डाग.

"शुक्रवारची मी येतेच मॅडम. मालकांनी सांगितलेलं हाय. दारं-खिडक्या उघडायची, हवा द्यायची."

आत मोठा हॉल. आढ्याला लोखंडी पाइप, त्याला रंग वाळवायला लटकवलेले पंधरा-वीस सांगाडे. वर जाळीतून वारा आला की ते थोडे वळायचे आणि एकमेकांना लागायचे. प्लॅस्टिकचा पोकळ आवाज. मी स्वतःशी म्हटलं, प्लॅस्टिक आहे, बादली असते तसंच. पण बादल्या सगळ्या मिळून एका दिशेला तोंड करत नाहीत.

पलीकडे खोके रचले होते. साठ एका ढिगात, एकसष्टावा बाजूला, त्यावर जास्तीची पट्टी मारलेली.

मी सोबत हुकाचा वजनकाटा नेला होता. तळापासून किंमत बांधायची तर आधी किती किलो प्लॅस्टिक लागलं ते बघायचं. ढिगातला एक खोका उचलला, सव्वानऊ किलो. दुसरा, सव्वानऊ. तिसराही तोच. साचा एकच असला की असंच येतं. मग एकसष्टावा काट्याला लावला.

चार किलो शंभर ग्रॅम.

मला वाटलं काटा अडकला. परत लावला. तेवढाच. सुमनबाई बघत होत्या.

"ह्यात काय आहे सुमनबाई?"

"मला नाय म्हाईत. मी साठच बांधले. ह्यो विकीशेठनं सोत्ता बांधला, मंगळवारी. मला घरी धाडलं लवकर."

तेवढ्यात त्या खोक्यात टिक् असा आवाज झाला. मग थोड्या वेळाने पुन्हा. मी खोका खाली ठेवताना काही सरकलं असेल. पण ठेवून दोन-तीन मिनिटं झाली होती.

 सुमनबाई कोपऱ्यातल्या लोखंडी कपाटाकडे गेल्या. कमरेची किल्ली काढून कपाट उघडलं. आत एक हुक होता, खाली डांबराच्या गोळ्या आणि वाळलेली झेंडूची फुलं. बाकी काही नाही. त्या हुकाला हात लावून उभ्या राहिल्या.

"आक्का नाय," त्या म्हणाल्या. "मॅडम, आक्काला बांधली त्यानं."

पट्टी मी कापली. थर्माकोलच्या चुऱ्यात ती पालथी झोपवलेली होती. कवटी कापडात गुंडाळलेली. जोडायची तार पितळेची, जुनी, हिरवी पडलेली. मी पाठीच्या मणक्यावर हात ठेवला आणि काढला. प्लॅस्टिकला हात लावला की ते लगेच आपल्या हाताइतकं ऊबदार होतं. हे होत नव्हतं. मांडीच्या हाडाच्या टोकाला पापुद्रा उडाला होता आणि आत बारीक जाळी दिसत होती, खारी बिस्किटाच्या आत असते तशी. कोणत्याही साच्यातून ती जाळी निघत नाही.

माणसाच्या हाडांची निर्यात आपल्याकडे कित्येक वर्षांपासून बंद आहे. मला ते पाठ होतं. पण त्या क्षणी मला नियम आठवला नाही. मला दिसलं गळ्याजवळचं डावं हाड. मध्ये टेंगूळ होतं. कधीतरी मोडलेलं आणि जसं जमेल तसं जुळून आलेलं.

मी उठून लटकलेल्या सांगाड्यांपाशी गेले. पहिल्याचं डावं हाड बघितलं. टेंगूळ. दुसऱ्याचं. तिसऱ्याचं. सगळ्यांना, त्याच जागी, थोडं बोथट.

आता जे सांगते ते माझ्या कामातलं मला सर्वांत जास्त लागलेलं आहे. पाच-सहा वर्षांपूर्वी परदेशातल्या एका गिऱ्हाइकाने तक्रार केली होती की तुमच्या मालाच्या डाव्या गळपट्टीच्या हाडात दोष आहे, दरात सूट द्या. किशनशेठांनी मला विचारलं होतं. मी सल्ला दिला होता, साच्यातला दोष म्हणून दोन टक्के कमी करा आणि बिलात तसं लिहा. त्या बाईच्या मोडलेल्या हाडाची मी दोन टक्के सूट दिली होती.

सुमनबाई जमिनीवर बसून बोलत होत्या. किशनशेठांनी साचे बनवायला ती फार पूर्वी मुंबईतल्या एका म्हाताऱ्याकडून आणली. कॉलेजांना हाडं पुरवणारा माणूस. साचा झिजला की तिच्यावरून नवा घ्यायचा. बाकी वेळ कपाटात. बुरशी लागू नये म्हणून शुक्रवारी कपाट उघडं ठेवायचं काम सुमनबाईंचं.

"कोनी नसतंय शुक्रवारचं. मंग मी बोलते तिच्याशी. नवरा गेला तवाचं सांगितलं, पोरीचं लगीन सांगितलं. समदं."

"आणि ती?"

"ऐकती. बोलायची थांबले की आत टिक् व्हतं. पुढं सांग म्हनल्यावानी."

"तार तापते, गार होते सुमनबाई. त्याचा आवाज."

"असंल," त्या म्हणाल्या. त्यांना वाद घालायचा नव्हता.

आम्ही दोघी गप्प बसलो. आणि खोक्यातून तो आवाज आला. एकदाच. मी तारेबद्दल पुन्हा बोलले नाही.

विकी अर्ध्या तासात आला. खोका उघडा बघून तो चिडला नाही, हसला. ते जास्त भीतीदायक होतं.

"मॅडम, पुराना माल आहे. पपांनी खरेदी केलेला. आमची वस्तू आहे."

"ही वस्तू नाही."

"मग काय आहे? तुम्हीच लावा किंमत. तुमचं तर कामच आहे." मग आवाज उतरवून, "बघा, अकरा वर्षं तुमची सही आहे आमच्या कागदांवर. पोलीस आले तर तुमच्याकडे पण येणार. प्लॅस्टिक लिहा. कोण उघडून बघतं?"

मी सही न करता निघाले, पण धीट वगैरे नव्हते. रिक्षावाल्याला पत्ता दोनदा चुकीचा सांगितला. घरी येऊन संध्याकाळी टेबलाशी बसले आणि सवयीने कागद घेतला. तळापासून किंमत बांधायला लागले. साच्याचा आणि डिझाइनचा खर्च हा रकाना मी अकरा वर्षं रिकामा सोडला होता. शेठनी सांगितलं होतं, साचा जुना आहे, पैसे कधीच वसूल झालेत. नियमाने तो खर्च प्रत्येक नगावर वाटायला हवा. किती नग गेले असतील तिच्यावरून? तीस वर्षांत, किती देशांत? मी भागाकार मांडला, वर काय लिहायचं ते कळेना. नवऱ्याने चहा आणून ठेवला. तो निवला. मी ते पान फाडलं आणि डाव्या खांद्यावर हात गेला माझा, आपोआप.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कॅम्प चारला किशनशेठांच्या घरी गेले. ते खुर्चीत बसले होते, डावा हात मांडीवर ठेवलेला, निर्जीव. बोलणं अडखळत होतं पण समजायचं. मी सगळं सांगितलं.

शेठनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "कितना... लगाया?"

"अडीच हजार डॉलर."

"मैंने अठरा सौ रुपया दिया था. तब." श्वास घेऊन, "बेटी, मुझे लगा सांचा है. सांचा ही तो लिया था." मग उजव्या हाताने डावा हात उचलून मला दाखवला, आणि खांद्याकडे बोट नेलं. "यहीं से गया. पहले यहीं दर्द हुआ." ते गळ्याजवळचं हाड दाबत होते.

मी उठून पाणी दिलं.

"पुलिस को बोल," ते म्हणाले. "मैं बोलता हूँ विकी को. तू डर मत. कागज पे मैं लिखूँगा, गायकवाड मैडम को मालूम नहीं था."

त्यांनी खरंच लिहिलं, उजव्या हाताने, वाकड्या अक्षरात. तो कागद घेऊन मी पोलिसांत गेले. विकी दोन वर्षं माझ्याशी बोलला नाही. त्याच्यावर गुन्हा नोंदला गेला, ते प्रकरण अजून कोर्टात आहे. माझीही चौकशी झाली, चारदा बोलावलं. शेवटी तपास करणारे साहेब म्हणाले, बाई, तुम्ही सही केली नाहीत म्हणून तुम्ही साक्षीदार, नाहीतर समोरच्या बाकावर असता.

पोलीस ठाण्यातल्या हवालदारांनी मला एकदा बाजूला घेतलं. मुद्देमालाच्या खोलीचा चार्ज त्यांच्याकडे होता.

"मॅडम, एक विचारू? त्या खोक्यात काही मशीन वगैरे आहे का?"

"का?"

"काही नाही. असंच." मग म्हणाले, "आत कोणी बसायला तयार नाही हो. आवाज येतो."

त्याच दिवसांत माझा गुडघा दुखायला लागला. बदलापुरातल्या हाडांच्या डॉक्टरांकडे गेले. नवीन दवाखाना, काचेचा, एसी. कोपऱ्यात स्टँडवर सांगाडा. डॉक्टरांनी त्याचा पाय पुढे ओढला. "हे बघा काकू, तुमची वाटी इथे घासते."

मी वाटी बघत नव्हते. डाव्या हाडावर टेंगूळ होतं.

"डॉक्टर, हा कुठून घेतला?"

"इम्पोर्टेड आहे. जर्मन कंपनीचा. पंचवीस हजारांना पडला. आपल्याकडे अशी क्वालिटी बनत नाही."

आठ किलोमीटरवर बनलेला माल समुद्र ओलांडून, नाव बदलून, किंमत पाचपट होऊन परत आला होता. एरवी मी हसले असते, साईंच्या फोटोसमोर जाऊन सांगितलं असतं. डॉक्टर म्हणाले, हात लावून बघा, घाबरू नका. मी हात मागे घेतला. पुढच्या वेळी दुसऱ्या डॉक्टरांकडे गेले.

किशनशेठांनी सांगाड्यांचं काम बंद केलं. साचे त्यांनी समोर उभं राहून, म्हणजे खुर्चीत बसून, फोडून घेतले. आता तिथे पाइपांचे जोड बनतात. सुमनबाईंना ते काम जमलं नाही, डोळे गेले होते बारीक तारांनी. त्यांनी शिवमंदिराच्या रस्त्यावर बेलाची पानं आणि फुलं विकायला सुरुवात केली. मी अधूनमधून जायचे. त्या एकच विचारायच्या, "आक्काला कवा सोडनार?"

हाडांच्या तपासणीचा अहवाल यायला सव्वा वर्ष लागलं. नंतर वारस नाही म्हणून अंत्यविधीची परवानगी मिळायला आणखी काही महिने. ठाण्यात साहेबांनी अहवाल माझ्यासमोर ठेवला. "वाचा. तुम्हाला वाचून घ्यावंसं वाटेल."

मी वाचला. मग परत वाचला. हाडं जुनी, साठ वर्षांहून जास्त. मानेखालचा सांगाडा विशीतल्या स्त्रीचा. कवटी आणि जबडा दुसऱ्या स्त्रीचा, पंचेचाळीस-पन्नाशीच्या. दोघींचा एकमेकींशी संबंध सांगता येत नाही. ज्याने कोणी सांगाडा विकायला उभा केला त्याला एकीचं डोकं मिळालं नव्हतं किंवा मोडलं होतं, म्हणून त्याने दुसरीचं बसवलं होतं.

अंबरनाथच्या स्मशानात आम्ही तिघंच होतो. किशनशेठ गाडीत, काच खाली करून. मी, आणि सुमनबाई. त्यांनी एक हिरवा खण आणला होता आणि डझनभर बांगड्या. जाळायचं की पुरायचं यावर आमचं आधी बोलणं झालं होतं. तिचा धर्म कोणाला माहीत? शेवटी दहन करायचं, मी आमच्या पद्धतीने प्रार्थनेच्या चार ओळी म्हणेन, तुम्ही तुमचं करा, असं ठरलं. अहवालाचं मात्र मी सांगितलं नव्हतं. सांगायचं कसं हेच कळत नव्हतं. पण पोलिसांनी पिशवीला दोन चिठ्ठ्या लावल्या होत्या, आणि स्मशानातल्या नोंदणीच्या खिडकीतल्या कारकुनाने विचारलं, "मयत किती?"

"दोन," मी म्हटलं.

सुमनबाईंनी माझ्याकडे बघितलं. मग मला सांगावं लागलं. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं, मान हलवत. खण हातात तसाच.

"मंग मी बोलत व्हते ती कंची?" त्या म्हणाल्या. "तोंड येकीचं. काळीज व्हतं ती जागा दुसरीची. ऐकत व्हती ती कंची, मॅडम?"

 एकोणतीस वर्षं लोकांनी विचारलं आणि मी सांगत आले. तिथे मी पिशवीवरच्या दोन्ही चिठ्ठ्या परत वाचल्या.

कारकून घाई करत होता. "नावं सांगा बाई. अनोळखी लिहू?"

"आक्का लिवा," सुमनबाई म्हणाल्या.

"आणि दुसरी?"

"ती बी आक्काच."

"दोन नोंदींना एकच नाव कसं लिहू?"

"दोन बाया एका नावाच्या असतात," मी म्हटलं. "लिहा." त्याने लिहिलं. माहिती देणाऱ्याचं नातं हा रकाना आला तेव्हा त्याने सुमनबाईंना विचारलं आणि त्यांनी दोन्हीकडे 'बहीण' सांगितलं.

लाकडं दोन ठिकाणी रचली. सुमनबाईंनी खण मधोमध फाडला. बांगड्या मोजून सहा-सहा केल्या. मग कापडाच्या पिशवीतून पक्कड काढली आणि खाली बसल्या. मानेतली हिरवी तार जाड होती. त्यांनी दोन्ही हातांनी जोर लावला. तार तुटली तेव्हा मोठा आवाज झाला, गाडीतले किशनशेठही दचकले.

कवटी हातात घेऊन सुमनबाई कानाच्या भोकाशी काहीतरी बोलल्या. बराच वेळ बोलल्या. ती एका सरणावर ठेवली, बाकीची हाडं दुसऱ्या सरणावर मांडली, आणि तिथे जरा थांबल्या. कुठे तोंड न्यायचं हे त्यांना समजत नव्हतं. शेवटी त्या वाकल्या, फासळ्यांच्या वर तोंड नेलं, आणि तेच सगळं पहिल्यापासून पुन्हा सांगितलं.